दोन किम तेशिक आणि माझे तीन क्रेडिट

वेळापत्रक लावण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस उलानबातरपासून जिंजूपर्यंत एकही नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. नम्रपणा काय, परिस्थिती नंतर शिकवतेच.

दक्षिण कोरियातल्या जिंजूत मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आधी वर्षभर भाषेचा वर्ग, मग विद्यापीठात एक सत्र, आणि आता हे शेवटचं. या सत्रात मला बारा क्रेडिट मिळवायचे होते. बारा म्हणजे बारा. अकराला आमच्या उलानबातरच्या विभागप्रमुख ओयुनचिमेगबाई शून्य म्हणतात. बारा घेऊन घरी गेलो की पदवी, आणि दारखानच्या शाळेत कोरियन शिकवायची नोकरी तयार. एक जरी कमी पडला तरी वर्ष वाया, आणि ती नोकरी दुसऱ्याला.

म्हणून मी आठवडाभर बसून वेळापत्रक लावलं. व्याकरण, भाषांतर, निबंधलेखन आणि प्राध्यापक किम तेशिक यांची 'जुनी कोरियन कविता'. चार विषय, प्रत्येकी तीन क्रेडिट. बाईंची मंजुरीही आणली. सकाळी दहाच्या आत एकही तास नाही, जेवायला रोज दीड तास, आणि शुक्रवार अख्खा मोकळा. इथली मुलं मोकळ्या शुक्रवारासाठी जीव टाकतात, आणि मला तो घरबसल्या मिळाला होता.

माझा खोलीतला जोडीदार गिचानदादा. सैन्यातली सक्तीची नोकरी करून परत शिकायला आलेला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याने वेळापत्रक हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "भिंतीवर लाव. प्रत्यक्षात असं काही होणार नाही."

"का नाही होणार?"

"तुला वाटतं तसा तू एकटा नाहीस, तोमोर. अकरा हजार पोरं त्याच सेकंदाला तेच बटण दाबणार आहेत."

माझं पूर्ण नाव तोमोर्खुयाग. आमच्या भाषेत त्याचा अर्थ लोखंडी चिलखत. माझं वजन चोपन्न किलो. नाव ठेवताना आईवडिलांनी भविष्याचा जरा जास्तच अंदाज बांधला होता.

नोंदणीच्या दिवशी सकाळी दहाला दादा मला गेमिंग कॅफेत घेऊन गेला, कारण तिथलं इंटरनेट वसतिगृहापेक्षा चपळ. कॅफे खचाखच भरलेला, पण एरवी तिथे जो आरडाओरडा असतो त्याचा पत्ता नाही. सगळे पडद्यावरच्या घड्याळाकडे बघत श्वास रोखून बसलेले. नऊ एकोणसाठ छप्पन, सत्तावन्न, अठ्ठावन्न. मी माझ्या वेळापत्रकाकडे एकदा शेवटचं प्रेमाने पाहिलं. तेवढ्यात दहा वाजून एक सेकंद झाला होता.

व्याकरण मिळालं. भाषांतर मिळालं. निबंधलेखन मिळालं. कवितेसमोर लाल अक्षरांत आलं, 'जागा शिल्लक नाहीत.'

"एका सेकंदाने काय बिघडतं, असं काल कोण विचारत होतं?" दादाने विचारलं. त्याचे सगळे विषय लागले होते, त्यामुळे त्याला विनोद सुचत होते.

"आता काय करू?"

"आता पत्र. विषय बदलायच्या आठवड्यात सरांना पत्र लिहायचं. गयावया करायची. सरांना दया आली तर ते एक जागा वाढवतात. इथे सगळे लिहितात."

"पण सरांना मी ओळखतही नाही. काय लिहू?"

"तळमळ लिही. दुसऱ्या वर्षाला मी सागरी प्राण्यांच्या सरांना लिहिलं होतं की लहानपणापासून ऑक्टोपस बघितला की माझे डोळे भरून येतात."

"खरंच येतात?"

"भूक लागली असली तर येतात."

विषय बदलायच्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मी दुपारपर्यंत खपून पत्र लिहिलं. भाषेच्या वर्गात आदरार्थी क्रियापदांचे जेवढे प्रकार शिकलो होतो, तेवढे सगळे वापरून टाकले. 'आपल्या पाचशे पानी ग्रंथाने माझ्या आयुष्याला दिशा दिली,' असं लिहिलं. ग्रंथाचं मी फक्त मुखपृष्ठ पाहिलं होतं. 'उणे चाळीस अंशांच्या थंडीत मी आपल्या वर्गाचं स्वप्न पाहिलं. जागा नसेल तर जमिनीवर बसेन. द्याल ते कष्ट सोसेन. या हाडामांसाचं काय करायचं ते आपण ठरवा.' खाली पूर्ण नाव लिहिलं, नावाचा अर्थ लिहिला, आणि विद्यापीठाच्या यादीत 'किम तेशिक' शोधून जे पहिलं नाव आलं त्याला पाठवून दिलं.

डोंगरावरून दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी किमलाच लागतो, असं इथे म्हणतात. माझा दगड भलत्याच किमला लागला.

अकरा मिनिटांत फोन आला. आवाज असा दणदणीत की दादा पलीकडच्या पलंगावर उठून बसला.

"तोमोर्खुयाग?"

"हो, सर."

"मंगोलियाचा?"

"हो, सर."

"वजन किती?"

कवितेच्या प्राध्यापकांना माझं वजन कशाला हवं, हे मला कळेना. पण मोठ्या माणसांच्या प्रश्नांत काही खोल अर्थ असतो म्हणून मी खरं ते सांगितलं.

"हरकत नाही, वाढेल," सर म्हणाले. "मी तुझं नाव घातलंय. शुक्रवारी सकाळी आठ वाजता ये. बदलायचे कपडे आण. नखं कापून ये."

"कवितेला नखं कशाला कापायची?" फोन ठेवल्यावर मी दादाला विचारलं.

दादाने यादी उघडली. त्यात किम तेशिक दोन होते. दुसऱ्या क्रमांकावर कोरियन साहित्य विभागाचे. पहिल्या क्रमांकावर क्रीडा विभागाचे, विषय सिरुम. सिरुम म्हणजे वाळूच्या आखाड्यात कमरेचा आणि मांडीचा पट्टा धरून खेळायची इथली कुस्ती. दादा पलंगावर आडवा झाला आणि उशीत तोंड खुपसून हसला. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते.

मी तडक कार्यालय गाठलं. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि चष्मा काढला.

"नाव काढता येईल," त्या म्हणाल्या. "पण दहा विद्यार्थी नसतील तर वर्ग रद्द होतो. आज पाचला मुदत संपते. काल नऊ होते, तुम्ही दहावे. त्या नवांतले पाच जण शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांचे खेळाचे क्रेडिट बाकी आहेत. काढू का नाव?"

असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? मी म्हटलं, आधी सरांशी बोलून येतो.

आखाड्याच्या दारावर माझं पत्र छापून चिकटवलेलं होतं. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. आत साठीचे, ठेंगणे, कान मोदकासारखे मुडपलेले किम सर उभे होते आणि त्यांच्या मागे नऊ विद्यार्थी रांगेत. मला पाहताच सगळे कमरेत वाकले.

"तीस वर्षं शिकवतोय," सर म्हणाले, "मला कुणी पत्र लिहिलं नव्हतं."

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची बोराम पुढे आली. उंचीने माझ्याएवढी, खांद्यांनी माझ्या दुप्पट. "दादा, तुमच्यामुळे माझी पदवी वाचली. जेवलात का?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि तिने त्यात किंबाप घातला, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेला भात. तो गिळून होईपर्यंत पाच वाजले.

कवितेच्या वर्गासाठी आधीच एकतीस जण ताटकळत होते. बाकी सगळे वर्ग भरलेले. म्हणजे आता माझे शेवटचे तीन क्रेडिट वाळूत पुरलेले होते, आणि मोकळा शुक्रवारही त्यांच्याच शेजारी.

पहिल्याच शुक्रवारी सगळे माझ्याकडे डोळे लावून बसले. मंगोल माणूस म्हणजे पाळण्यातूनच पैलवान, अशी इथे ठाम समजूत. मी सांगून पाहिलं की माझे वडील दातांचे डॉक्टर आहेत आणि आमच्या घरात सगळ्यांत दांडगा खेळ म्हणजे बुद्धिबळ.

"खरे पैलवान असंच बोलतात," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

माझी जोडी बोरामशी लागली. आम्ही गुडघे टेकून एकमेकांचे पट्टे धरले, उठलो, शिट्टी वाजली. पुढे मला छत दिसलं. छताला चार पंखे होते.

"मुद्दाम पडला," सर सगळ्यांना म्हणाले. "मुलीसमोर जोर दाखवला नाही. याला म्हणतात संस्कार."

दुसऱ्या आठवड्यात मी एका मुलासमोर तसाच संस्कार दाखवला. तिसऱ्या आठवड्यात सरांनाही शंका आली. चौथ्या आठवड्यात मी स्वतःचा एक डाव शोधून काढला. शिट्टी वाजायच्या आत आपणच हळूच आडवं व्हायचं. वाळू मऊ असते, वेळ वाचतो, समोरच्यालाही त्रास नाही. हजेरी लागत होती, आणि क्रेडिटसाठी हजेरी पुरे अशी माझी समजूत होती.

मग ओयुनचिमेगबाईंचा ईमेल आला. बाई ईमेलमध्येही उभ्या राहून बोलतात.

'तुझ्या यादीत कविता होती. आता कुस्ती दिसते आहे. मंगोलियातला मुलगा कुस्ती शिकायला परदेशी पाठवला, हे मी कुलसचिवांना कोणत्या तोंडाने सांगू? या विषयात कोरियन भाषेतला दहा पानी निबंध आणि तोंडी परीक्षा असेल, आणि तसं अभ्यासक्रमात छापलेलं असेल, तरच तीन क्रेडिट धरीन. नाहीतर तुझे नऊ.'

मी ईमेल तीनदा वाचला. सिरुमच्या परीक्षेत लेखी काही नव्हतं. विषय सोडायची मुदत टळून गेली होती, आणि सोडला तरी दुसरा कुठून आणणार? दारखानची शाळा डोळ्यांसमोरून लांब लांब जायला लागली. सरांकडे जाण्यावाचून इलाज नव्हता, आणि सरांकडे जायचं तर मागायच्या आधी खरं बोलणं भाग होतं. खोट्या पत्रावर आणखी एक उपकार मागायला माझी जीभ रेटेना.

सर एकटेच आखाड्यात दाताळ्याने वाळू सारखी करत होते.

"सर, ते दारावरचं पत्र आहे ना," मी म्हणालो, "ते तुमच्यासाठी नव्हतं."

सर वाळू ओढत राहिले. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या ओळीपासून. 'आपला पाचशे पानी ग्रंथ' असं लिहिलंयस तू. मी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, अडतीस पानांचं, गुडघेदुखीवर. त्यात सोळा पानं चित्रं आहेत."

"मग तुम्ही माझं नाव का घातलंत?"

"नऊ जण होते आणि मुदत संपत होती. तू खरं सांगायला आला असतास तर काढलं असतं. आला नाहीस."

"आलो होतो, सर. पण बोरामने..."

"हो, किंबाप. पाहिलं मी." सरांनी दाताळं भिंतीला टेकवलं. "आणि पत्र चांगलं होतं. दुसऱ्याला लिहिलेलं असलं तरी वाचायला मला मिळालं. आता कशाला आलास ते बोल."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. बोरामने उचलून आपटलं तेव्हाही वाटली नव्हती. मी खाली मान घालून बाईंचा ईमेल वाचून दाखवला. सरांनी तो नीट ऐकून घेतला, मग म्हणाले, "परीक्षेची पद्धत मध्येच बदलायची तर नियमाने वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. एकाने जरी नकार दिला तरी संपलं. आणि निबंध तुझ्या एकट्याला देता येणार नाही, सगळ्यांना द्यावा लागेल. शुक्रवारी विचारू."

तो शुक्रवार यायला फार दिवस लागले. सरांनी वर्गापुढे सगळं सांगितलं, आणि आखाड्यात एकदम कण्हण्याचा आवाज झाला.

"दहा पानं? आम्ही लिहिणं टाळायला हा विषय घेतलाय, सर."

"एका माणसासाठी नऊ जणांनी मरायचं?"

बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सही केली नसती, हे मी मनातल्या मनात कबूल करून टाकलं. तेवढ्यात बोराम उठली.

"हा दादा नसता तर हा वर्गच नसता, आणि आपण पाच जण पुढच्या वर्षी पुन्हा इथेच आलो असतो," ती म्हणाली. "आणा तो कागद. पण दादा, माझी एक अट आहे."

"कुठलीही," मी म्हणालो.

"परीक्षेच्या दिवशी उभं राहायचं. शिट्टीच्या आधी झोपायचं नाही. आम्ही दहा पानं लिहायची आणि तुम्ही दहा सेकंदही उभं राहायचं नाही, हे चालणार नाही."

एकामागून एक सगळ्यांनी सह्या केल्या. कुणी कुरकुरत, कुणी माझ्या डोक्यावर टपली मारून. शेवटच्याने पेन माझ्या हातात देताना विचारलं, "निबंधाची सुरुवात कशी करतात, ते तरी सांगशील ना?" पुढचे सहा आठवडे मी नऊ जणांचे निबंध तपासले आणि त्या नऊ जणांनी मला उभं राहायला शिकवलं. दोन्ही कामं सारखीच अवघड होती, असं दोन्ही बाजूंचं मत पडलं.

माझ्या निबंधाचा विषय होता पडण्याचे प्रकार आणि त्यांना असलेले जुने कोरियन शब्द. पडण्याच्या बाबतीत माझ्याएवढा अधिकार वर्गात कुणाचाच नव्हता.

तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक हवा होता. सरांनी कुणाला आणावं? दुसऱ्या किम तेशिकना. उंच, शेलाटे, पांढऱ्या शर्टाचे कवितावाले किम आखाड्यात बूट काढून, पाय वाळूत रोवून खुर्चीवर बसले. दोघांची अठरा वर्षांची ओळख निघाली, सगळी एकमेकांकडे गेलेल्या टपालामुळे.

"मला दर महिन्याला लोक गुडघे दाखवायला येऊ का म्हणून विचारतात," कवितावाले म्हणाले.

"आणि माझ्याकडे कविता येतात," सर म्हणाले. "वाचतो मी. बऱ्याचशा वाईट असतात."

"ते माझे विद्यार्थी आहेत."

"म्हणूनच आजवर बोललो नाही."

कवितावाल्या किमनी मला वीस मिनिटं प्रश्न विचारले. कुठला शब्द कुठून आला, कुठल्या गावात कसा वापरतात. माझं कोरियन इतकं सरळ कधीच चाललं नव्हतं, कारण यातला प्रत्येक शब्द मी पाठीवर झेलून शिकलो होतो. शेवटी ते म्हणाले, "माझ्या वर्गात आला असतास तर एवढं शिकला नसतास." हे मला की सरांना, ते कळलं नाही. सर मात्र वाळूकडे बघत हसले.

मग कुस्ती. समोर बोराम. शिट्टी वाजली आणि मी आडवा झालो नाही. वर्ग मोठ्याने आकडे मोजायला लागला. पाचला तिने मला उचललं, मी एक पाय तिच्या पायात अडकवला आणि परत जमिनीवर आलो. आठला माझी पट्ट्यावरची पकड सुटायला लागली. दहाला आखाड्यात असा गलका झाला की कार्यालयातल्या बाई धावत बघायला आल्या. अकराला मी छत पाहत होतो. बोरामने हात देऊन उठवलं आणि माझ्या केसांतली वाळू झटकली.

"आज पडलात ते खरं पडलात, दादा," ती म्हणाली.

इथे गुण वर्गातल्या वर्गात तुलना करून वाटायचे असतात, त्यामुळे कुणीतरी शेवटचा येणं भाग होतं. कोण, यावर वर्गात एकमत होतं. मला सी प्लस मिळाला. क्रेडिट धरायला बाईंना किमान सी लागत होता. आपलं घोडं गंगेत न्हालं, आणि तेही नाकापर्यंत बुडून.

'निबंध दोनदा वाचला,' बाईंनी कळवलं. 'चार वर्षांत तुझं वाक्य पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं दिसलं. बारा मान्य.'

पदवी मिळाली. नोकरी मिळाली. हे मी तुम्हाला दारखानच्या शाळेतूनच लिहितो आहे. त्या नऊ जणांनी एका अनोळखी, खोटं पत्र लिहिणाऱ्या, आपणहून आडव्या होणाऱ्या माणसासाठी नव्वद पानं लिहिली, आणि सरांनी सगळं माहीत असून मला वर्गात ठेवून घेतलं. त्यांचे आभार मानायला माझ्याजवळ एकाही भाषेत पुरेसे शब्द नाहीत. म्हणून गेल्या महिन्यात बाई शाळेत आल्या तेव्हा मी तासभर त्या वर्गाचं गुणगान केलं. सर कसे, वाळू कशी, निबंधाने भाषा कशी पक्की होते, सगळं सांगितलं. बाई वहीत लिहून घेत होत्या. मला वाटलं, सवय असेल.

परवा किम सरांचा फोन आला. आवाज तसाच दणदणीत.

"तोमोर, या सत्रात पंधरा झाले! तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांग."

तेव्हा मला कळलं. आमच्या विभागातून जिंजूला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला बाईंनी या वर्षीपासून सिरुम सक्तीचं केलं आहे. शिफारस करणारा म्हणून माहितीपत्रकात माझं नाव आणि फोन नंबर दिला आहे.

या वर्षी सहा जण गेलेत. त्यांतली एक मुलगी कविता करते. वजन बेचाळीस किलो. पहिल्या शुक्रवारचा तास झाल्यापासून तिचे चार फोन येऊन गेले. मी वर्गावर होतो. उद्याही दिवसभर मी वर्गावरच असणार आहे.